थोरलीचा लाल वाळा

"ह्या दोघी आत यायच्या न्हाईत," आत्ती दारात आडव्या उभ्या राहिल्या. "मागच्या दारानं परसात ने. आन तूबी तिकडनंच ये. पाय धुऊन."

माझ्या दोन्ही हातांत एकेक पिशवी होती आणि प्रत्येक पिशवीतून एक पांढरी मान बाहेर आली होती. रिक्षावाला पैसे घेऊनही हलेना. लिंगायतांच्या घरात कोंबड्या शिरतायत हा तमाशा त्याला फुकटात बघायला मिळत होता.

"आत्ती, मी रात्री विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही हो म्हणालात."

"मी प्रयोगाला हो म्हटलं. प्रयोगाला पंख असत्यात हे कुठं सांगितलंस?"

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. कोल्हापूरकडे सासूला आत्तीच म्हणतात. मी नाशिककडची, मला ते म्हणायची सवय लागायला वर्ष गेलं होतं. नवरा नोकरीपायी बडोद्याला, सासरे लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे राजारामपुरीतल्या त्या घरात आम्ही दोघीच. त्या सकाळी लिंगपूजा करायच्या, मी विद्यापीठात जाऊन उंदरांच्या मेंदूचे काप करायची. संध्याकाळी दोघी मिळून भाकरी खायचो. भांडण असं कधी झालं नव्हतं. पण जवळीक झाली होती म्हणावं, तर तेही नव्हतं.

कोंबड्या परसात सोडल्या, पाय धुतले आणि स्वयंपाकघरात आले, तर आत्ती चहा गाळत बसल्या होत्या. कप पुढे सरकवून म्हणाल्या, "आता सांग. नीट सांग. शेजारच्या बायका विचारणार, मला उत्तर पायजे."

मी सांगितलं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवतात. निरोप म्हणजे एक द्रव्य. समोरच्या पेशीला ते घ्यायला दार लागतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. माझं सगळं काम त्या दारांचं. म्हातारपणी ती दारं कमी होतात का, आणि मेंदूच्या कुठल्या भागात होतात, एवढं मला शोधायचं होतं.

"कुठला निरोप?"

"गप्प बस, असा. एका पेशीनं दुसरीला गप्प करायचं."

आत्तींनी कप खाली ठेवला. "मग कोंबडी कशापायी आणलीस? आमच्या सासूबाई असत्या तर त्यांचीच बाटली भरून दिली असती."

मी ठसका लागेपर्यंत हसले. आत्ती असं काही बोलतील हे मला अपेक्षितच नव्हतं.

"ते दार डोळ्यांना दिसत नाही, आत्ती. म्हणून त्याला हुडकून चिकटेल असं काहीतरी लागतं. अँटिबॉडी. परदेशातनं मागवली होती, तर ती विमानतळावर कागदपत्रांत अडकली. आमच्याकडे आली तेव्हा डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं होतं आणि ती नासली होती. म्हणून आता ती आपणच करायची. त्या दाराचा छोटासा तुकडा कोंबडीला टोचायचा. तिच्या अंगाला तो परका वाटतो, मग ती त्याच्यावर धावून जाणारं द्रव्य करते आणि ते तिच्या अंड्याच्या बलकात उतरतं."

"सशाला टोचायचं. ससा तरी गोड दिसतो."

"ससा आणि उंदीर जवळचे. सशाला उंदराचा तुकडा घरचाच वाटतो, तो काही करत नाही. कोंबडी लांबची, तिला लगेच खटकतं."

"हां," आत्ती म्हणाल्या. "लांबनं आलेल्यांना लगेच खटकतं खरं." आणि माझ्या नाशिकच्या चेहऱ्याकडे बघून गालात हसल्या. "पर मग दोन कशाला?"

"एकीला टोचायचं, दुसरीला नाही. अँटिबॉडी चिकटली की त्या जागी आम्ही रंग चढवून बघतो. दुसरीच्या अंड्यानं रंग येता कामा नये. तरच पहिलीचं खरं."

"म्हंजे एकीनं सोसायचं आन दुसरीनं नुसतं खायाचं."

"प्रयोगच तसा असतो, आत्ती."

आत्तींनी कप उचलले आणि मोरीकडे गेल्या.

दोन्ही कोंबड्या एकाच पोल्ट्रीतल्या, एकाच वयाच्या, दुधासारख्या पांढऱ्या. मला त्या जन्मात ओळखू आल्या नसत्या. म्हणून एकीच्या पायात प्लॅस्टिकची लाल कडी घातली, दुसरीच्या पायात निळी. लाल टोचायची, निळी तशीच ठेवायची. आत्ती त्या कड्यांना वाळे म्हणायच्या. पिशवीतनं आधी बाहेर आली ती लाल वाळ्याची, म्हणून तिचं नाव थोरली. दुसरी धाकटी. आठ दिवसांत आत्तींनी परसात तुरीच्या काड्यांचं खुराडं उभं केलं. महिन्याभरात त्यांचा कोंबड्यांशी संसार सुरू झाला. "थोरले, बाजूला सर गं, धाकटीला खाऊ दे," असं मागच्या दारातनं ऐकू यायला लागलं. अंड्याला मात्र त्या हात लावत नसत. अंडं दिसलं की मला हाक मारायच्या, "आलंय गं तुझं!" मी जाऊन ते उचलायची, पायातला वाळा बघून पेन्सिलनं रंग आणि तारीख लिहायची आणि विद्यापीठातल्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवायची. कुणी अंडं घातलं ते मला दिसलं नसेल, तर त्या घराच्या आतूनच सांगायच्या, "लाल वाळ्याचं हाय ते." मला त्यांच्या सांगण्यावर पूर्ण भरवसा होता, आणि सांगते, तो भरवसा त्यांनी एकदाही मोडला नाही.

टोचायला दोघी लागायच्या. मी सुई धरायची, आत्ती थोरलीला पदरात घेऊन बसायच्या. थोरली फार ओरडायची नाही, फक्त डोळे गच्च मिटायची. आत्ती तोंड फिरवायच्या. मग तिला खाली सोडून तिच्यापुढे ज्वारीची मूठ टाकायच्या आणि म्हणायच्या, "झालं, झालं. आता पुढल्या खेपंपातूर निवांत." धाकटी तोवर लांब तुळशीकट्ट्याजवळ माती उकरत असायची.

माझ्या मार्गदर्शक डॉ. इनामदार. सगळं विद्यापीठ त्यांना इनामदारबाई म्हणायचं, आणि तेही हळू आवाजात. मूळच्या पुण्याच्या. त्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या. त्यांच्यानंतर आमच्या विभागात मेंदूवर काम करणारं कुणी उरणार नव्हतं. म्हणजे हिशेब सरळ होता. बाई जायच्या आत अँटिबॉडी खरी ठरली, तर माझी पीएचडी. नाही ठरली, तर चार वर्षं पाण्यात आणि मी बडोद्याला पोळ्या लाटायला.

"मधेमधे बघून टाकू या का, बाई?" मी एकदा विचारलं होतं.

"रंग किती आहे आपल्याकडे? चमचाभर. मधेमधे कशाला बघायचंय? भात शिजला का म्हणून दहादा झाकण उघडणाऱ्यांचा भात कच्चाच राहतो. शेवटच्या टोचणीनंतर एकदाच."

शेवटची टोचणी आली ती नेमकी बेंदराच्या दिवशी. कोल्हापूरकडे बेंदराला बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावतात, शिंगं रंगवतात, त्या दिवशी त्यांच्याकडनं कुठलंच काम घेत नाहीत. आता आमच्या घरात बैल नव्हता. पण आत्तींनी मातीची बैलजोडी पुजली होती, पुरणपोळी केली होती, आणि मी सुई उकळायला ठेवली तशी त्या माझ्या हातातला चिमटाच काढून घेऊन म्हणाल्या, "आज न्हाई. आज बैलालाबी औत न्हाई, आन तू हिला टोचायला निघालीस? उद्या टोच."

एका दिवसानं काही बिघडणार नव्हतं. मी पोळी खाल्ली आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी लाल वाळ्याची धरली, आत्तींच्या पदरात दिली. सुई लागताच तिनं असा काही कालवा केला की शेजारच्या गच्चीवर माणसं आली. पंख फडफडवले, माझ्या मनगटावर चोच मारली. आत्ती मात्र त्या दिवशी तोंड न फिरवता तिच्याकडे बघत होत्या. "बस गं बस," त्या म्हणाल्या. "आता तुझी पाळी." मला वाटलं, गोंजारतायत.

त्यानंतर एकदा असंही झालं की मागच्या दारात मी उभी असताना निळ्या वाळ्याची समोरून गेली आणि आत्ती तिला म्हणाल्या, "थोरले, सावलीत बस जा." मी म्हटलं, वय झालंय, चुकून म्हणाल्या.

तीन आठवड्यांनी प्रयोग लावला. सगळ्यांत ताजी अंडी घेतली, कारण शेवटच्या टोचणीनंतरच्या अंड्यांत सर्वांत जास्त अँटिबॉडी असणार. लालचा बलक वेगळा, निळ्याचा वेगळा. उंदराच्या मेंदूचे काप काचपट्टीवर, त्यावर बलकातनं काढलेलं पाणी, मग धुणं, मग रंग. बाई स्वतः येऊन शेजारी बसल्या. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. लालची पट्टी आधी बघितली, मग निळ्याची. मग पुन्हा लालची.

"गिरिजा," त्या म्हणाल्या, "तू बघ."

मी बघितलं. लालची पट्टी कोरी. धुतलेल्या पातेल्यासारखी स्वच्छ. आणि निळीची, जिला आयुष्यात सुई लागली नव्हती तिची पट्टी तपकिरी झाली होती. रंग अगदी जिथं यायला हवा तिथं आला होता. पेशींच्या कडांनी, ठिपक्याठिपक्यांनी.

"पट्ट्या बदलल्या असतील," मी म्हटलं.

"नाहीत. मी शेजारी बसले होते."

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

बाईंनी दोन्ही पट्ट्या शेजारीशेजारी ठेवल्या. मग म्हणाल्या, "न टोचलेल्या कोंबडीच्या अंड्यानं रंग येतो, याचा अर्थ रंग आपल्या तुकड्यामुळे येत नाही. अंड्यात मुळातच काहीतरी चिकट आहे, ते कुठंही जाऊन बसतंय. ही अँटिबॉडी नाही, गिरिजा. हा डाग आहे."

"पण किती सुंदर आलंय, बाई. बरोब्बर जागेवर."

"सुंदर दिसतं म्हणून खरं मानायचं असेल तर आपण चित्रं काढू या." त्या उठल्या. दारात थांबल्या, वळल्या नाहीत. "घरी जा. आज इथं बसू नकोस."

मी घरी गेले आणि मागच्या पायरीवर बसून रडले. चोरून नाही, चांगली हुंदके देऊन रडले. आत्ती बाहेर आल्या, शेजारी बसल्या. काय झालं ते विचारलं नाही. माझं रडणं ओसरू दिलं.

"फसला प्रयोग," मी म्हटलं. "सगळं फुकट गेलं."

"सगळं?"

"सगळं. चार वर्षं."

"आन हिनं सोसलं ते?"

"तेही."

आत्तींच्या चेहऱ्यावर एकदम राग आला. माझ्यावर नाही, कुणावर ते मला कळेना. "आसं कसं फुकट जाईल?" त्या म्हणाल्या. "येवढं अंगात टोचून घेतलं तिनं, डोळं मिटून घेतलं. सोसल्यालं कुठं तरी उतरतच असंल की. तू नीट बघितलंस का? सगळी अंडी बघितलीस?"

"शेवटची बघितली. ती सगळ्यांत चांगली असायला हवीत."

"मग आधीची कशाला ठिवलीस गं फ्रीजात? शोभंला?"

आता खरं सांगायचं तर त्यात शास्त्र काही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी विद्यापीठात गेल्यावर दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच, आणि उरलेल्या रंगाचा मला आता मोह नव्हता. म्हणून मी पहिल्या अंड्यापासून सुरुवात केली. ओळीनं एकेक. लालचं, निळ्याचं, लालचं, निळ्याचं.

लालची पहिली अंडी कोरी. बरोबर, तेव्हा टोचणीच झाली नव्हती. पहिल्या टोचणीनंतरचीही कोरीच. दुसऱ्या टोचणीनंतर पुसटसा रंग. तिसऱ्यानंतर असा गडद की मी खुर्चीतनं उठले. आणि मग, एका अंड्यापासून पुढं, काहीच नाही. दिवा विझवल्यासारखं.

निळ्याचं उलट. कोरं, कोरं, कोरं. आणि अगदी त्याच सुमाराच्या एका अंड्यापासून पुढं एकदम गडद. पुसट नाही, हळूहळू नाही. एकदम.

मी धावत बाईंच्या खोलीत गेले. बाई आल्या आणि उभ्या उभ्याच एकेक पट्टी बघत गेल्या. मधे एकदा खाली बसल्या. शेवटच्या पट्टीनंतर त्यांनी चष्मा काढला. मी त्यांना चार वर्षांत हसताना फारसं बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना हसू आवरेना.

"अगं, कुठल्याही कोंबडीच्या अंगात हे एका रात्रीत येत नाही आणि एका रात्रीत जातही नाही. बलक एकीचा दुसरीत उडी मारत नाही. कोंबड्या होत्या तिथंच आहेत. वाळे इकडचे तिकडे झालेत!"

"पण मी नाही—"

"तू नाहीस. मग घरात दुसरं कोण आहे?"

'आता तुझी पाळी' आणि 'थोरले, सावलीत बस जा' ही दोन्ही वाक्यं माझ्या कानात एकाच वेळी वाजली.

"चल," बाई म्हणाल्या. "मला तुमच्या घरचा चहा पाज. आणि एक लक्षात ठेव. कधी बदलले ते आपण त्यांना सुचवायचं नाही. आपल्याकडे पट्ट्या आहेत, त्यांच्याकडे आठवण आहे. दोन्ही एकमेकींना न विचारता जुळायला हव्यात."

आत्तींनी बाईंना पुढच्या दारानं आत घेतलं, पाटावर बसवलं, चहा दिला, चिवडा दिला. बाईंनी दोन घोट घेतले आणि अगदी सहज विचारलं, "कोंबड्यांच्या पायातले वाळे तुम्ही बदललेत का हो?"

आत्तींच्या हातातली बशी तशीच राहिली. मी त्यांच्याकडे बघत होते. नाकारतील असं मला क्षणभर वाटलं.

"बदललं," त्या म्हणाल्या. "मी बदललं."

"कधी?"

"बेंदरादिवशी. दुपारी. ही पोळी खाऊन झोपली हुती तवा."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. रंगलेलं शेवटचं लाल अंडं बेंदराच्या सकाळचं होतं. पुढचं लाल अंडं कोरं. मी मान हलवली. मला ओरडावंसं वाटत होतं.

"का बदललेत?" बाईंचा आवाज एकदम मऊ झाला होता.

आत्तींनी बशी खाली ठेवली. "बाई, तुमचं शास्त्र मला कळत न्हाई. मला वाटलं, औषध जायाचं तेवढं जातंय, ह्या कोंबडीत काय आन त्या कोंबडीत काय. अंडं ते अंडं. मला वाटलंच न्हाई की हिचं नुकसान हुईल." त्या माझ्याकडे वळल्या. "तुझं वाटोळं करायचं नव्हतं गं मला."

"मला माहीत आहे, आत्ती."

"मी ह्या घरात थोरली म्हणून आलो. पंधरा माणसांचा स्वयंपाक. दळण, पाणी, सासऱ्यांचं आजारपण, सगळं थोरलीनं. मागनं धाकटी जाऊ आली. चांगली हाय ती, वाईट न्हाई. पर ती नाजूक म्हणून बाहेरच्या सोप्यात बसायची आन मी चुलीम्होरं. कुणी ठरवलं? कुणीच न्हाई. मी आधी आलो येवढंच. माझ्या पायात लाल वाळा, तिच्या पायात निळा." त्यांचा आवाज फुटला, पण त्या थांबल्या नाहीत. "रोज वाटायचं, कुणी तरी यावं आन गुपचूप वाळं बदलावं. एक दिवस तरी. बैलाला बेंदूर असतोय. मला कुणी बेंदूर दिला न्हाई. ही कोंबडी डोळं मिटून घ्यायची तवा मला बघवायचं न्हाई. म्हटलं, हिचं तरी बदलू."

परसातनं दोघींची कुरकुर ऐकू येत होती.

इनामदारबाईंनी पदरानं चष्मा पुसला. तो मुळात स्वच्छच होता. "तुम्हाला माहीत आहे का तुम्ही काय केलंत?" त्या म्हणाल्या. "आम्हाला माहीत नसताना वाळे बदललेत, आणि तरीही त्या अँटिबॉडीनं बरोबर थोरलीलाच ओळखलं. वाळा बघून नाही, तिनं सोसलं त्यावरून. आम्ही ठरवून इतकी चोख परीक्षा घेतली नसती. हिची अँटिबॉडी खरी आहे."

"म्हंजे फुकट गेलं न्हाई?"

"काहीच फुकट गेलं नाही."

आत्तींनी माझा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदा. मग लगेच डोळे पुसून त्या म्हणाल्या, "म्हंजे तुमच्या त्या औषधानं मला पकडलं म्हणा की!" आणि आम्ही तिघी हसत सुटलो.

निघताना बाई जरा चाचरल्या. प्रबंधाचं उरलेलं काम करायला आणखी अँटिबॉडी लागणार होती, म्हणजे आणखी टोचणी.

"टोचा," आत्ती म्हणाल्या. "पर दोघींस्नी. वाटून."

"पण मग तुलनेला?" मी म्हटलं.

बाईंनी मला हातानंच थांबवलं. "दोघींची टोचायच्या आधीची कोरी अंडी आहेत आपल्याकडे. तुलना त्यांच्याशी. चालेल. खरं तर तेच जास्त बरं."

वाळे पुन्हा जिचे तिला घातले आणि तसंच केलं. बाई निवृत्त व्हायच्या आत प्रबंध गेला. तोंडी परीक्षेला पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले होते, कडक, बारीक मिशांचे. दालन भरलेलं. आत्ती इरकल नेसून शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, मांडीवर पेढ्यांचा डबा. सगळं सुरळीत चाललं होतं आणि शेवटी परीक्षकांनी पानं मागे उलटली.

"एक समजलं नाही. पहिल्या टप्प्यात एक कोंबडी टोचलीय आणि एक मोकळी ठेवलीय. दुसऱ्या टप्प्यात दोन्ही टोचल्यात. पद्धत अर्ध्यात का बदललीत?"

मी बाईंकडे बघितलं. बाई पंख्याकडे बघत होत्या. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी सांगितलं," आत्ती उभ्या राहून म्हणाल्या. "एकीनंच का सोसायचं?"

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण?"

"मी हिची सासू."

परीक्षकांनी प्रबंध मिटला. "मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले, आणि इनामदारबाईसुद्धा मोठ्यानं हसल्या.

आज माझी स्वतःची प्रयोगशाळा आहे. बलकातल्या अँटिबॉडीची ती शेवटची नळी अजून उणे ऐंशीच्या फ्रीजमध्ये आहे आणि तिच्यावर 'आत्ती' असं लिहिलंय. मुलं विचारतात, हे कशाचं लघुरूप आहे, मॅडम? मी सांगत नाही.

पण त्या दिवसाचं सांगायचं राहिलं. संध्याकाळी पेढे वाटून आम्ही घरी आलो. आत्तींनी पाय धुतले, पदर खोचला आणि नेहमीसारख्या चुलीकडे निघाल्या. मी परसात गेले. थोरलीला उचललं. ती माझ्या हातात मुकाट बसली. तिच्या पायातली लाल कडी मी सोडवली, मग धाकटीची निळी. निळी तिथंच कट्ट्यावर ठेवली. लाल घेऊन आत आले आणि आत्तींच्या समोर ती माझ्या बोटात घातली.

"अगं ये, कोंबडीचा वाळा हातात घालतात काय!" त्या किंचाळल्या. "काढ आधी!"

"नाही काढणार. तुम्ही सोप्यात जाऊन बसा. आज स्वयंपाक माझा."

आत्ती बघत राहिल्या. आधी बोटाकडे, मग माझ्याकडे. मग त्यांनी हळूच खोचलेला पदर सोडला, बाहेर गेल्या आणि सोप्यातल्या झोपाळ्यावर बसल्या. थोड्या वेळानं झोपाळ्याची कडी कुरकुरायला लागली.

"मीठ बेतानं घाल," तिकडनं आवाज आला. "नाशिकचा हात हाय तुझा."